लेप्टोचा जंतू ओळखायचा कसा, अडवायचा कसा?



पावसाळा लागला की आमच्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न यायला लागतात. गावाकडच्या गटांचे प्रश्न लावणीच्या चिखलाबद्दल असतात. इथल्या, म्हणजे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतल्या बायकांचे प्रश्न तुंबलेल्या पाण्याबद्दल असतात. ठिकाणं वेगळी, पण बोलता बोलता गाडी येऊन थांबते ती एकाच आजारावर. त्याचं पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. आपण त्याला सरळ लेप्टो म्हणूया, कारण सगळीकडे तेच नाव चालतं.

या आजाराबद्दल दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला: "चाचणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी लेप्टोचीच औषधं का चालू ठेवली?" दुसरा: "पाळलेल्या कुत्र्याला लेप्टोची लस मिळते, मग माणसाला का नाही?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. आणि दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात, जंतूच्या अंगावर. तिथे काय असतं, शास्त्रज्ञ त्याचा कसा उपयोग करतात आणि आपल्याला त्यातून काय घ्यायचं, हे आज समजून घेऊ.

आधी आजाराची ओळख

लेप्टोचा जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गाई-म्हशी, डुकरं अशा जनावरांच्या मूत्रपिंडात राहतो. जनावर बरेचदा आजारी दिसतही नाही. पण त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडत राहतो. पावसाळ्यात ती लघवी पाण्यात, चिखलात मिसळते. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात जंतू बरेच दिवस जिवंत राहू शकतो. मग तिथून कुणी चालत गेलं, आणि पायाला भेग असेल, खरचटलं असेल, तर जंतू तिथून शरीरात शिरतो. डोळ्यांत, नाकातोंडात पाणी उडालं तरी शिरतो.

शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. कधी त्याआधी येतो, कधी महिन्याभराने. अचानक जोराचा ताप, डोकं दुखणं, अंग मोडून येणं, विशेषतः पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं ही सुरुवातीची लक्षणं. बरेचजण एवढ्यावर बरे होतात. काहींना मात्र पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, दम लागतो, थुंकीतून रक्त पडतं. हे झालं की जीव धोक्यात असतो. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना लेप्टो होतो आणि जवळपास ५९ हजार लोक दगावतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडला.

आपल्या महाराष्ट्रात कोकणातला भातशेतीचा पट्टा या आजाराला चांगलाच ओळखतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडच्या आशाताईंना लेप्टोच्या गोळ्या नव्या नाहीत. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी बाई ही या जंतूच्या सगळ्यात जवळ असते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मुंबईच्या उपनगरांना याचा मोठा धडा मिळाला तो २००५ मध्ये. २६ जुलैच्या त्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी दक्षिण मुंबईत कुलाब्याला मोजला गेला तो फक्त ७३ मिलिमीटर. म्हणजे तो पाऊस खरा पडला उपनगरांवर. मिठी नदीचं पाणी घरांत शिरलं, लाखो माणसं छातीएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. तबेल्यांतली म्हशी-जनावरं मेली, उकिरडे वाहून आले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईतल्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण आधीच्या वर्षांच्या कित्येक पटींनी वाढले. त्याच्याही आधी, २००० सालच्या पुरानंतर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तापाच्या मुलांची तपासणी केली होती. पुराच्या पाण्यात खेळलेल्या, त्यातून चाललेल्या किंवा घरात पाणी शिरलेल्या मुलांत लेप्टो जास्त आढळला होता. पुढे २०१५ च्या जुलैमध्ये दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड या भागांत लेप्टोने बळी घेतले, आणि महापालिकेची माणसं घरोघर फिरून तपासणी करू लागली.

म्हणजे गावची लावणी असो की अंधेरीच्या सबवेतलं पाणी, जंतू एकच. आता त्या जंतूकडे जरा जवळून बघू.

जंतूच्या अंगावर काय असतं?

हा जंतू दिसायला मळसूत्रासारखा पिळदार असतो, आणि त्याची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. त्याच्या मुख्य उपद्रवी जातीचं नाव इंटेरोगन्स. हे नाव प्रश्नचिन्हावरून पडलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो तसाच दिसतो. तो इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याला खास काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो.

प्रत्येक जंतूला बाहेरून एक आवरण असतं. या आवरणात चरबी असते, साखरेच्या साखळ्या असतात आणि प्रथिनं असतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. पण शरीरातली बहुतेक कामं करणारी यंत्रंसुद्धा प्रथिनांचीच बनलेली असतात. जंतूच्या आवरणातली प्रथिनं त्याची हत्यारं आणि अवजारं असतात. काहींनी तो आपल्या पेशींना चिकटतो, काहींनी अन्न आत घेतो, काहींनी आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतो.

एखादं घर डोळ्यांसमोर आणा. भिंतीला रंग आहे, दाराला कडी आहे, आणि आत जातं आहे. रंग आणि कडी रस्त्यावरून दिसतात. जातं बाहेरून दिसत नाही, ते घर पडलं तरच उघडं पडतं. हे तीन शब्द लक्षात ठेवा: रंग, कडी आणि जातं. पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

आपल्या शरीरात जंतू शिरला की शरीर त्याच्या अंगावरच्या खुणा हेरतं आणि त्या खुणांना चिकटणारे पदार्थ तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. डॉक्टर त्यांनाच अँटिबॉडी म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंड एकाच खुणेला बसतं, कुलपाला किल्ली बसते तसं. जिवंत जंतूच्या बाहेरच्या खुणेला प्रतिपिंड चिकटलं की तो जंतू शरीराच्या इतर पहारेकऱ्यांच्या तावडीत सापडतो. आणि तेच प्रतिपिंड रक्ताच्या थेंबात सापडलं, तर हा जंतू येऊन गेलाय हे कळतं. पहिलं झालं लसीचं काम, दुसरं झालं चाचणीचं काम. खूण एकच असू शकते, पण दोन्ही कामांना लागणारी खूण सारखीच असेल असं नाही.

चाचणी: जात्याचा उपयोग

लेप्टोची जुनी आणि भरवशाची चाचणी अशी. प्रयोगशाळेत लेप्टोच्या बऱ्याच जाती जिवंत वाढवून ठेवायच्या. रुग्णाच्या रक्तातला पातळ भाग एकेकीत मिसळायचा. ज्या जातीचे जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतील, त्या जातीची प्रतिपिंडं रुग्णात आहेत असं समजायचं. ही चाचणी आजही मानाची मानली जाते. पण जिवंत जंतू पाळणं, ते दर काही दिवसांनी नव्या खाद्यावर घालणं, सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी तयार नजर असणं, हे सगळं थोड्याच ठिकाणी जमतं. आपल्या देशात लेप्टोसाठीचं नावाजलेलं केंद्र आहे अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. तालुक्याच्या रुग्णालयात अशी सोय कुठून असणार?

म्हणून सोप्या चाचण्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत पूर्ण जंतूचा अर्क वापरतात. त्यात शेकडो पदार्थ असतात. त्यातला एखादा दुसऱ्याच जंतूच्या पदार्थासारखा निघाला, तर दुसऱ्याच आजाराची प्रतिपिंडं त्याला चिकटतात आणि चाचणी खोटंच "आहे" म्हणते. शिवाय लेप्टोच्या कुळात निरुपद्रवी भाऊबंदही पुष्कळ आहेत. ते पाण्यात राहतात आणि कुणाला त्रास देत नाहीत. उपद्रवी कोण आणि निरुपद्रवी कोण, हे वेगळं करता आलं पाहिजे.

इथे प्रथिनं कामाला आली. लिप-एल-३२ नावाचं एक प्रथिन लेप्टोच्या आवरणात सगळ्यात भरपूर असतं. ते उपद्रवी जातींत असतं आणि निरुपद्रवी जातींत नसतं. चाचणीला याहून चांगली खूण कुठली? रुग्णांच्या रक्तातही या प्रथिनाची प्रतिपिंडं भरपूर मिळतात.

पण चाचणीसाठी हे प्रथिन काढायचं कसं? त्यासाठी लेप्टोचा जंतू वाढवत बसावं लागत नाही. प्रथिन बनवण्याची कृती जंतूच्या जनुकात लिहिलेली असते. शास्त्रज्ञ तेवढंच जनुक घेतात आणि प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या निरुपद्रवी जंतूत घालतात. तो जंतू झपाट्याने वाढतो आणि आपल्याला हवं ते प्रथिन बनवून देतो. मग ते गाळून शुद्ध करायचं. आपल्या बाळांना जन्मल्यावर टोचतात ती हिपॅटायटिस बी ची लसही अशाच रीतीने बनते. तिथे विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन यीस्टकडून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या भावंडाकडून बनवून घेतात.

शुद्ध प्रथिनाची बारीक रेघ एका पट्टीवर ओढली की झटपट चाचणी तयार होते. गरोदरपणाची किंवा मलेरियाची पट्टी तुम्ही आशाताईंच्या हातात पाहिली असेल, तशीच ही. रक्ताचा थेंब पट्टीवर सरकत जातो. त्यात प्रतिपिंडं असली तर ती प्रथिनाच्या रेघेवर अडकतात आणि रंगाची रेघ उमटते. शेजारी दुसरी एक रेघ असते, ती पट्टी चांगली आहे ना हे सांगते. ती दुसरी रेघ उमटलीच नाही, तर चाचणी फुकट गेली समजायचं आणि नवी पट्टी मागायची.

ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराची गोष्ट आपल्या उपनगरांसारखीच आहे. डोंगरउतारावरच्या दाट वस्त्या, उघडे नाले, उंदीर आणि मुसळधार पाऊस. तिथे १९९६ मध्ये लेप्टोची मोठी साथ आली. त्यानंतर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या लोकांनी लेप्टोच्या लिग नावाच्या प्रथिनांचे तुकडे वापरून बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणारी पट्टी तयार केली. या लिग प्रथिनांकडे आपण लसीच्या वेळी पुन्हा येऊ.

प्लेगच्या बाबतीतही असंच घडलं. प्लेगच्या जंतूच्या अंगावर एफ-१ नावाच्या प्रथिनाची जाड साय असते. मादागास्कर बेटावरच्या संशोधकांनी हे एफ-१ ओळखणारी पट्टी तयार केली आणि २००३ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध केले. पंधरा मिनिटांत, खेड्यातल्या दवाखान्यातच प्लेगचं निदान होऊ लागलं. ही पट्टी प्रतिपिंडं शोधत नाही, ती थेट जंतूचं प्रथिनच शोधते. त्यामुळे शरीराने प्रतिपिंडं बनवण्याची वाट पाहावी लागत नाही.

मग चाचणी निगेटिव्ह का येते?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं. लेप्टोची नेहमीची चाचणी प्रतिपिंडं शोधते. आणि शरीराला ती पुरेशी बनवायला ताप आल्यापासून साधारण ५ ते ७ दिवस लागतात. कुणी तिसऱ्या दिवशी रक्त दिलं, तर जंतू अंगात असतो, पण प्रतिपिंडं अजून आलेली नसतात. पट्टी कोरी राहते. पट्टी चांगलीच असते, वेळ मात्र लवकरची असते.

म्हणून डॉक्टर पहिल्या आठवड्यात शक्य असेल तर पीसीआर चाचणी करायला सांगतात. ती रक्तात जंतूचं जनुक शोधते. आणि बरेचदा आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त मागवतात. प्रतिपिंडं वाढलेली दिसली तर निदान पक्कं होतं. दुसऱ्यांदा रक्त मागितलं तर कंटाळा करू नका, पैसे काढायचा डाव समजू नका. त्यामागे हे कारण असतं.

उलटही होतं. लेप्टोची प्रतिपिंडं रक्तात काही महिने टिकू शकतात. वर्षानुवर्षं चिखलात राबणाऱ्या बाईच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं असू शकतात, आणि आजचा ताप भलत्याच कारणाचा असू शकतो. म्हणून एका रेघेवरून सगळं ठरत नाही. लक्षणं, पाण्याशी आलेला संबंध आणि चाचणी या तिन्ही गोष्टी डॉक्टर जोडून बघतात. लेप्टोचा संशय असेल तर निकाल यायच्या आत औषध सुरू करतात, कारण हे औषध जितकं लवकर पोटात जाईल तितकं जास्त लागू पडतं.

लस: कडी कुठे आहे?

आता दुसरा प्रश्न. लसीची सगळ्यात जुनी रीत म्हणजे पूर्ण जंतू वाढवायचा, मारायचा आणि टोचायचा. या कामात मुंबईचं नाव जगाच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातला पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत लस बनवायला लागले. ते मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू छताला लोंबणाऱ्या झुंबरासारखे वाढायचे. मग ते उष्णतेने मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

लेप्टोसाठीही मेलेल्या जंतूंच्या लसी आहेत. कुत्र्यांना टोचतात ती तीच. क्युबा, चीन, फ्रान्स या देशांत माणसांसाठीही तशा लसी वापरल्या गेल्या. मग आपल्याकडे का नाही? कारण इथे आपल्या घराचा "रंग" आडवा येतो.

लेप्टोच्या आवरणात बाहेर साखरेच्या लांब साखळ्या असतात. शरीर मुख्यतः या साखळ्यांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पण या साखळ्या प्रत्येक वाणाच्या वेगळ्या असतात, आणि लेप्टोचे वाण २५० हून अधिक आहेत. म्हणजे लाल रंगाच्या घराची ओळख पटवली, तर पहारेकरी निळ्या घरासमोरून निघून जातो. एका भागातली लस दुसऱ्या भागात चालेलच असं नाही. आणि संरक्षण फार काळ टिकत नाही, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

म्हणून शास्त्रज्ञ रंग सोडून अशी खूण शोधू लागले जी सगळ्या उपद्रवी वाणांत सारखी असेल. चीनच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये लेप्टोची सगळी जनुकं वाचून प्रसिद्ध केली. त्यातून आवरणात असू शकतील अशा प्रथिनांची यादी हाती आली.

सगळ्यांचं लक्ष साहजिकच लिप-एल-३२ कडे गेलं. सगळ्यात भरपूर, सगळ्या उपद्रवी जातींत, चाचणीत उत्तम. पण लस म्हणून त्याने निराशाच केली. २००९ मध्ये संशोधकांनी हे प्रथिन नसलेला लेप्टो बनवून पाहिला, तर तो तितकाच आजार देत होता. पुढे २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली गेली. वर्षानुवर्षं सगळे ज्याला पृष्ठभागावरचं समजत होते, ते लिप-एल-३२ मुळात आवरणाच्या आतल्या बाजूला असतं! ते आपल्या घरातलं जातं होतं. जंतू मेला, फुटला की ते उघडं पडतं, मग शरीर त्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं बनवतं. चाचणीला एवढं पुरतं. पण जिवंत जंतूला पकडायला गेलेल्या प्रतिपिंडाच्या हाती काहीच लागत नाही, कारण जातं बंद घरात आहे.

लसीला हवी दाराची कडी. ती लिग प्रथिनांच्या रूपात सापडली. लिग-ए आणि लिग-बी अशी त्यांची नावं. ही जंतूच्या अंगावर बाहेर असतात आणि आपल्या पेशींना चिकटायला त्याला मदत करतात. त्यांची एक गंमत आहे. जंतू डबक्याच्या गोड्या पाण्यात असतो तेव्हा ही प्रथिनं फारशी बनवत नाही. माणसाच्या अंगात शिरला, तिथला खारटपणा त्याला लागला, की तो ती बनवू लागतो. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या जंतूत तर ती दिसेनाशी होतात. अशा जंतूला मारून लस केली, तर त्या लसीत ही कडी नसणारच. पूर्ण जंतूच्या लसीतून जे हातातून निसटतं, ते एकेक प्रथिन वेगळं बनवून पकडता येतं.

हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर लिग-ए ची लस वापरून पाहिली, तेव्हा प्राणघातक लेप्टोपासून ते वाचले. ही मोठी गोष्ट होती. पण त्यांच्या मूत्रपिंडात जंतू शिल्लक राहिला. आणि लिग-ए सगळ्या उपद्रवी जातींत नसतंही. लिग-बी सगळ्यांत असतं, पण त्याने मिळणारं संरक्षण प्रयोगागणिक कमीजास्त निघालं.

तुम्ही म्हणाल, जीव वाचला ना, मग मूत्रपिंडात राहिला तर बिघडलं काय? माणसापुरतं बघितलं तर खरं आहे. पण गोठ्यातल्या गाईचा विचार करा. लस टोचून गाय आजारी पडली नाही, पण तिच्या लघवीतून जंतू पडतच राहिला, तर गोठा झाडणाऱ्या बाईचा धोका तसाच राहील. म्हणून लस अशी हवी जी जनावराच्या मूत्रपिंडातून जंतूला हुसकून लावेल. काम चालू आहे ते तिथपर्यंत पोचण्यासाठी.

ही वाट पुढे जाऊ शकते, याचा दाखला आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेनिंजोकोकस-बी नावाचा जंतू असाच हट्टी होता. इटलीतल्या सिएना इथे रिनो रापुओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुकं वाचून, त्यातून अंगावरची प्रथिनं निवडून लस बनवली. युरोपात तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. डांग्या खोकल्याचंही घ्या. सरकारी पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचा पूर्ण मेलेला जंतू असतो. खाजगी दवाखान्यात "कमी दुखणारी" म्हणून मिळते, तिच्यात त्या जंतूची निवडक शुद्ध प्रथिनं असतात. ताप आणि दुखणं कमी, पण तिचं संरक्षण तुलनेने लवकर ओसरतं. तेव्हा सरकारी लस हलकी आणि महागडी लस भारी, असा हिशोब करू नका. दोन्ही चांगल्या आहेत आणि सरकारी लसीने बाळाचं चांगलं रक्षण होतं.

लस येईपर्यंत

आज आपल्याकडे माणसांसाठी लेप्टोची लस नाही. पण आपल्या हातात बरंच आहे.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर घरी येताच पाय साबणाने स्वच्छ धुवा आणि कोरडे करा. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय पाण्यात उतरू नका. गोठा साफ करताना, गटार काढताना गमबूट आणि हातमोजे घाला. लावणीला गमबुटांनी चालता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून कोकणात लावणीच्या दिवसांत आरोग्य केंद्राकडून आठवड्याची गोळी दिली जाते. आशाताई देईल ती गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या.

मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. हे औषध बहुधा डॉक्सिसायक्लिन असतं. गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं. म्हणून शेजारणीच्या गोळीतली अर्धी गोळी पोराला देणं टाळा. महापालिकेच्या दवाखान्यात ही गोळी मोफत मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ताप आला की डॉक्टरांना स्वतःहून सांगा: "मी अमुक दिवशी पाण्यातून चालले होते," किंवा "मी लावणीला जाते," किंवा "घरात घुशी आहेत." गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर हे विचारतीलच असं नाही. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो पहिल्या तीन दिवसांत एकसारखे दिसतात. पाण्याची ती एक गोष्ट सांगितली, तर डॉक्टरांचं लक्ष योग्य दिशेला वळतं. गावाकडून मुलगा किंवा नवरा मुंबईत कामाला असेल, तर फोनवर त्यालाही हे सांगून ठेवा. एकटी राहणारी पोरं ताप अंगावर काढतात. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढी तीन कामं करा. एक, आपल्या गावात किंवा वस्तीत पाणी कुठे साचतं आणि उंदीर-घुशी कुठे जास्त आहेत, त्याची यादी करा आणि ती ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला लेखी द्या. दोन, आपल्या आरोग्य केंद्रात लेप्टोची कुठली चाचणी होते, आणि होत नसेल तर रक्त कुठे पाठवतात, हे विचारून घ्या. तीन, लावणीला जाणाऱ्या प्रत्येकीला प्रतिबंधक गोळी मिळाली का, याची वहीत नोंद ठेवा. बचतीची वही आपण चोख ठेवतो, ही दोन पानं त्याच वहीत मावतील.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे आम्हाला लिहून किंवा फोन करून कळवा. पुढच्या वेळी डेंग्यूच्या चाचण्यांबद्दल बोलू.

नमस्कार.